दंडावरच्या चार खुणा

४ फेब्रुवारी १९२९, सोमवार

आज अकरा टोचले. सात तान्ही, चार शाळेतली. सहा घरांत मूल "मामाकडे गेलंय". सहाही घरांत पाळणा हलत होता.

गुणवंतीने मला पाहताच वाडीभर ऐकू जाईल अशी हाक दिली – "देवी काढणारी आली गो! पोरा आत घ्या!" मी तिच्याच ओटीवर जाऊन बसले. प्यायला पाणी मागितलं. ती आत गेली, तेवढ्यात नात रडली. मग आमची बरीच बोलाचाली झाली. नात टोचून घेतली. अकरावी तीच.

संध्याकाळी सुया उकळल्या. नळीत थोडी लस उरली होती, ती जाळली. उघडलेली नळी दुसऱ्या दिवशी वापरायची नाही. न उघडलेलीही ओल्या गोणपाटात, माठाशेजारी, सावलीत. माझ्याआधीचे टोचणीमास्तर नळ्या कोटाच्या खिशात घालून उन्हातून हिंडत. त्यांच्या रजिस्टरात मात्र शंभरातल्या शंभर फोड धरून "उठल्या".

६ फेब्रुवारी

डॉ. आठल्यांनी एक इंग्रजी वैद्यकीय मासिक दिलं. "वाचा आणि मलाच परत करा. टेबलावर ठेवू नका." एका पानाचा कोपरा दुमडलेला होता.

दोनदा वाचलं. हॉलंडात आणि इंग्लंडात देवी टोचलेल्यांपैकी काहींना दहाव्या ते तेराव्या दिवशी मेंदूचा दाह होतो. डोकेदुखी, ओकारी, ताठलेली मान, मग शुद्ध जाते. तान्ह्या मुलांत जवळजवळ नाही. लहानपणी एकदा टोचलेल्याला पुन्हा टोचलं तर त्यातही जवळजवळ नाही. होतो तो मोठेपणी पहिल्यांदा टोचलेल्यांना – शाळकरी मुलांना, तरण्या माणसांना. हॉलंडात सुमारे पाच हजारांत एक. इंग्लंडात पुष्कळ कमी. का होतो ते कुणालाच ठाऊक नाही.

दहाव्या ते तेराव्या.

७ फेब्रुवारी

गेल्या वर्षीचं रजिस्टर पाहिलं. खंडू, वय २०, पूर्वी टोचलेला नाही. टोचला १४ फेब्रुवारीला. आठव्या दिवशी चारही उठल्या. अक्षर माझं. मृत्यूच्या नोंदवहीत – २६ फेब्रुवारी. तेरावा दिवस. कारण – "मेंदूज्वर".

८ फेब्रुवारी

मासिक परत केलं. डॉक्टरसाहेबांनी मान वर न करता विचारलं, "वाचलंत?"

"वाचलं. खंडूची तारीख जुळते."

"एका तारखेवरून काही ठरत नाही."

"नाही. पण त्याच्या आईने मला वर्षात चार वेळा विचारलंय. मी चार वेळा सांगितलं की टोचण्याचा संबंध नाही."

"तेच पाचव्यांदा सांगा. गेल्या साथीत न टोचलेले सव्वीस आजारी पडले, त्यांतले नऊ गेले. टोचलेले एकतीस आजारी पडले, गेला एक. हे आकडे तुमच्याच अक्षरात आहेत. त्या मासिकातला आकडा वाडीत गेला तर पाच हजार कुणी ऐकणार नाही. एक तेवढा ऐकतील."

त्यांचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच संताप येतो. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

१० फेब्रुवारी, रविवार

आई ओटीवर सुंभ वळत होती. मजेत होती. गुणवंतीच्या नातीची हकिगत सांगितली तर हसायलाच लागली. म्हणाली, "लपवायचं ते आम्हीच लपवावं! तुझ्या भावाला मी उपड्या होडीखाली ठेवला होता. टोचणीमास्तर गेला तरी पत्ता नाय!"

मी विचारलं, कोण लपवलं होतं?

"केरूला गो. दहा महिन्यांचा होता. आधीच अशक्त. मास्तरपुढं गुणवंतीचा मोरू नेला, केरू म्हणून. आठव्या दिवशी पाहायला आला तेव्हाही मोरूच दाखवला. सगळ्या पोरांचे दंड सारखेच की!"

तेव्हा वाडीत सगळ्या असंच करायच्या म्हणाली. एखादं टोचलेलं गुटगुटीत पोर असायचं, ते घरोघर फिरायचं. मास्तरलाही कळत असेल. पण मांडीवर पोर आहे, दंडावर फोड आहे – त्याला शेरा मिळाला, यांना पोर मिळालं.

केरू समोर जेवत होता. बाही वर करून दाखवलान्. कोरा दंड. बावीस वर्षांत मी कधी पाहिला नाही! रोज दहा परक्यांचे पाहते.

११ फेब्रुवारी

कपाटातून १९०७ सालचं रजिस्टर काढलं. सापडलं.

केरू, वय दहा महिने. चार टोचे. चारही उठले.
खालच्याच ओळीत – मोरू, वय एक वर्ष. चार टोचे. चारही उठले.

एकच दंड, दोन ओळींत. त्या पानावर एकूण चोवीस मुलं आहेत. खरी किती, देव जाणे. आता ती सगळी तरणी आहेत, आणि "पूर्वी टोचलेले" म्हणून मी त्यांना बिनधास्त पुन्हा टोचणार होते.

आता रजिस्टर बघायचं नाही. दंड बघायचे.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

मुंबईत देवीची साथ आहे. शिमग्याला चाकरमानी घरी येतील, त्यांच्याबरोबर तीही येईल. पालखीला सगळी एकत्र नाचतील. त्याआधी वाडीतली सगळी तरणी माणसं टोचून व्हायला हवीत, असा हुकूम आला. डॉक्टरसाहेबांनी मला पाठवलं. "तुमची वाडी आहे. तुमचं ऐकतील."

ऐकलं! देवळापुढे चाळीसेक जमले. सदू तोंडाचा फटकळ. मला पाहून म्हणाला, "बायची सुई नको रे बाबा, यमाकडून आवातन येतं." सगळे हसले. राहीमावशी हसली नाही. ती खंडूची आई. आईच्या बरोबरीची, दोघी बाजारात शेजारी बसतात.

मी लस, साथ, आकडे सगळं सांगितलं. नवातले सव्विसही सांगितले – नाही, सव्विसातले नऊ. बोलताना चुकले. मी आकड्यात चुकत नाही.

राहीमावशी उठून पुढे आली. ओरडली नाही.

"माज्या खंडूला काय झाला ते तू सांगत नाय. नको सांगू. पर तुजा केरू कोरा हाय. तुज्या आयशीने, आवडीने, माला सांगितलान्. त्याला टोच. हितं, सगल्यांच्या म्होरं. मग माजा हरी मी सोता आनून देतंय."

हरिश्चंद्र तिचा धाकटा. सतरा वर्षांचा. खंडूनंतर उरलेला.

कुणीतरी म्हणालं, "बरोबर बोलली." मग सगळेच म्हणाले. मी बुधवार दिला.

१७ फेब्रुवारी, रविवार

बंदरावर गेले. केरू मचव्याच्या फटींत काथ्या ठासत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मासिकातलं सगळं. खंडूचंही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. डॉक्टरसाहेबांना कळलं तर नोकरी जाईल.

त्याने हातोडी खाली ठेवलीन्. "म्हणजे किती धोका, बाय? नीट सांग."

"पाच हजारांत एक. कदाचित त्याहून कमी. आपल्याकडे कुणी मोजलेलं नाही."

"आणि देवी आल्या तर?"

"तुझ्यासारखे न टोचलेले – तिघांत एक जातो. आंधळे होतात ते वेगळे."

तो हसायला लागला. "पावसाच्या तोंडाला मालवणहून मचवा आणतो, तेव्हा तू हा हिशेब केलास तर मला घराबाहेर सोडायची नाहीस! पाच हजार खेपांत एक मचवा बुडत असेल तर मी झोपून सुकाणू धरीन. टोच."

"नीट विचार कर."

"केला की. तूच सांगितलंस, मीच ऐकलं. अजून काय करायचा असतो विचार?"

एवढं सरळ. बावीस वर्षांच्या खलाशाला कळलं. मला प्रशिक्षण आहे, प्रमाणपत्र आहे – आणि घरी येईपर्यंत मी तोच हिशेब दहा वेळा केला.

खंडूला कुणी विचारलं होतं? मी म्हटलं होतं, "हात पुढे कर, दुखणार नाही."

१९ फेब्रुवारी

मी अठराव्या वर्षी सासरहून पांढऱ्या कपाळाने परत आले. वर्षभर मागीलदारीच बसून होते. केरू तेव्हा पंधरा वर्षांचा. शाळा सोडून मचव्यावर गेला आणि आईला म्हणाला, बायला पुण्याला पाठव, शिकू दे. त्याबद्दल तो कधी बोलत नाही. मीही नाही. आज लिहिलं, कारण उद्या जे करणार आहे त्याला काहीतरी कारण हवं.

दवाखान्यातून थोडं ग्लिसरीन आणलं. एक रिकामी नळी उकळून भरली, टोक दिव्यावर बंद केलं. लसीच्या नळीशेजारी ठेवली. दिसायला सारखी. मी डाव्या कप्प्यात ठेवली आहे, म्हणजे मला कळेल.

२० फेब्रुवारी, बुधवार

केरूला टोचलं. देवळापुढे, सगळ्यांसमोर. डाव्या कप्प्यातली नळी.

चार टोचे व्यवस्थित घातले. रक्ताचा ठिपका येईल इतकेच. त्याने माझ्याकडे बघून डोळा मारलान्.

मागोमाग राहीमावशी. हरीचा दंड स्वतःच्या हाताने धरून उभी राहिली. "घे. दिलेला शब्द हाय." दंड कोरा. मी उजव्या कप्प्यातली नळी फोडली. चार टोचे घातले. 

त्यानंतर रांग लागली. दिवसभरात एकोणचाळीस.

२२ फेब्रुवारी

काल सेहेचाळीस. आज अकरा. वाडी संपली. केरूला सोडून एकूण शहाण्णव, त्यांतले कोऱ्या दंडाचे एकतीस. डॉक्टरसाहेब म्हणाले, "असं काम मी वीस वर्षांत पाहिलं नाही. भावाला पुढे केलंत, शाबास!"

२७ फेब्रुवारी, बुधवार – आठवा दिवस

पाहणी. सगळ्यांचे दंड सुजलेले, काखेत गाठी, अंगात कसर. सदू विव्हळत पडला होता. "बाय, माजा दंड भोपल्यावानी झाला गो!" केरू त्याला चिडवत होता – "माझा बघ! काही नाही. बहिणीचा हात हलका असतो, लेका."

केरूचा दंड घरी तपासला. चार सुकलेले ओरखडे. त्यावर फडकं बांधलं. म्हटलं, उघडू नकोस.

रजिस्टरात लिहिलं – चारही उठले.

१९०७ च्या पानावर आईचं खोटं त्या मास्तराच्या अक्षरात आहे. माझं माझ्याच.

२ मार्च – हरीचा अकरावा दिवस

सकाळी आणि संध्याकाळी राहीमावशीच्या घरावरून गेले. हरी अंगणात जाळं विणत होता. "डोकं दुखतं का?" नाही. "मान वळव." वळवलीन्. राहीमावशी माझ्याकडे पाहत होती. 

३ मार्च

ठीक आहे.

४ मार्च – तेरावा दिवस

ठीक आहे. आज खंडू गेला होता त्याच्याइतके दिवस झाले. राहीमावशीने मला शहाळं फोडून दिलं. म्हणाली, "तू रोज येतंस. डाक्तर येत नाय." प्यायले.

१० मार्च

एकतीसच्या एकतीस बरे. एकालाही काही नाही. केरूला खरी टोचली असती तर बत्तीस झाले असते.

आता खरं टोचावं. साधी गोष्ट आहे. फक्त आधी सांगावं लागेल – तू निवड केलीस आणि मी ती फेकून दिली. उद्या सांगते.

१४ मार्च

केरू मचव्यावर गेलाय. सोमवारी येईल.

१९ मार्च, मंगळवार

दोन दिवस गणपतीपुळ्याच्या बाजूच्या वाड्यांत होते. संध्याकाळी परतले तो घरी आई एकटी. "केरू सड्यावर गेला. शेजारच्या काशीचा नवरा मुंबईहून आला तो अंगावर देवी घेऊन. त्याला गावाबाहेर, वर सड्यावरल्या झोपडीत न्यायचा होता. डाक्तर म्हणाले, टोचलेले असतील त्यांनीच उचला. केरू सगळ्यांत पहिला! म्हणाला, माझ्या बहिणीने पहिली मलाच टोचलीय."

आई अभिमानाने सांगत होती.

२० मार्च

सड्यावर गेले. केरू त्या माणसाला पेज भरवत होता, तोंडाशी तोंड नेऊन. मला पाहून हात केलान्.

पुस्तकात आहे – संसर्ग झाल्यापासून तीन दिवसांत टोचलं तर बहुधा वाचतो. कालचा एक दिवस धरला तर उद्यापर्यंत. लस नाही. नवी पुढल्या आगबोटीने. गेल्या खेपेची एक नळी उरली आहे, न उघडलेली. महिना झाला, या उकाड्यात.

तीच टोचली. म्हटलं, पुन्हा एकदा घे.

"का गो? उठल्या होत्या ना?"

"खात्रीसाठी."

"तुझं आपलं काहीतरी," म्हणून दंड पुढे केलान्. तिथे दुसरं कुणी नव्हतं. काशीचा नवरा शुद्धीवर नव्हता. सांगायला याहून चांगली जागा मिळाली नसती. सांगितलं असतं तर तो निदान त्याच्या तोंडाजवळून उठला असता.

२५ मार्च, होळी

सहावा दिवस. दंडावर काही नाही. लस मेलेली होती. मला माहीत होतं.

खाली ढोल वाजतायत. सगळी वाडी पालखीबरोबर नाचतेय. टोचलेली आहेत. नाचू देत.

२८ मार्च

नवी लस आली. नऊ दिवस झाले. उपयोग नाही. तरी टोचली. केरूने या खेपेला का म्हणून विचारलं नाही. बाही आपणच वर केलीन्.

३१ मार्च

केरूला ताप. १०३. कंबर दुखते. संसर्गाला बारा दिवस झाले.

२ एप्रिल

डॉक्टरसाहेब पाहून गेले. उद्या दाणे दिसतील म्हणाले. मग बाहेर येऊन माझ्या रजिस्टरात स्वतः लिहायला लागले – "चारही उठूनही देवी आल्या. विलक्षण." मी त्यांच्या हातातून पेन काढून घेतला नाही.

सदूने दुपारी दंडावरचे वण दाखवत विचारलं, "हे असून जर केरूला होतात, तर आमी कशापायी टोचून घेतला गो?" बाकीचे मागे उभे होते. पलीकडच्या वाडीने आज टोचून घ्यायला नकार दिला. अजून तिथे साठ तरणे आहेत.

३ एप्रिल, बुधवार

केरूच्या कपाळावर दाणे. सकाळीच राहीमावशी दारात आली. आत येईना.  "केरू टोचलेला, तरी झाल्या. मग माज्या हरीला पन होतील काय गो? आता तरी खरा सांग."

मी म्हटलं, नाही. हरीला होणार नाहीत. हरीला खरी टोचली आहे. केरूला टोचलीच नव्हती. नळीत ग्लिसरीन होतं. मला त्याची भीती वाटली. खंडू टोचण्याने गेला असावा, हे मला तेव्हा ठाऊक होतं.

आई आतून ऐकत होती. केरूही जागा असावा.

 राहीमावशी म्हणाली –

"म्हंजे माज्या दोगांना खरी टोचलीस."

मी हो म्हटलं.